गर्भ कोणाचा, प्रयोग कोणाचा, शिक्षा कोणाला?

जळगावच्या एका वस्तीतील बुद्धविहारात आम्ही दर महिन्याला अभ्यासवर्ग घेतो. मागच्या वेळी विषय होता सावित्रीमाईंचे कार्य. वर्ग संपत आला तेव्हा एमबीबीएसला शिकणाऱ्या आमच्याच एका भावाने प्रश्न टाकला, “सोनोग्राफीच्या फॉर्ममधला एक रकाना चुकला तरी डॉक्टरवर फौजदारी. मशीन एका खोलीतून दुसरीकडे नेलं तरी नोटीस. गर्भावर संशोधन करायचं म्हटलं की कायदा आडवा येतो. बाबासाहेब तर विज्ञानवादी होते. मग आपण या कायद्याची बाजू का घ्यायची?”

कोणी काही बोलायच्या आत मागे बसलेली, धुळे जिल्ह्यातून माहेरी आलेली एक ताई म्हणाली, “माझं बाळ काचेच्या पेटीत होतं तेव्हा तीन कागदांवर माझा अंगठा घेतला. कशाचा घेतला, ते अजून मला माहीत नाही.”

त्या दिवशी आम्ही दोघांनाही धड उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन कायदे, जनगणनेचे आकडे आणि बाबासाहेबांचे लेखन पुन्हा काढले. तेव्हा लक्षात आले की हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. जन्माला न आलेल्या आणि नुकत्याच जन्मलेल्या जीवावर डॉक्टरने काय करावे आणि काय करू नये, हे आपल्या देशात फौजदारी कायद्याने ठरवले जाते. पण हा कायदा कधी आईच्या मागे लागला, कधी मशीनवाल्याच्या, आणि कधी गरिबाच्या बाळाकडे पाहायलाच विसरला. हा इतिहास आंबेडकरी तरुणांना माहीत असायला हवा.

१) दंडसंहितेची नजर आणि जोतिबांची नजर

भारतीय दंडसंहिता १८६० साली झाली आणि १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३१२ ते ३१८ या कलमांत गर्भपात, मूल जिवंत जन्मू नये म्हणून केलेले कृत्य, अर्भकाला टाकून देणे, जन्म लपवण्यासाठी मृतदेहाची विल्हेवाट लावणे असे सगळे गुन्हे आले. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा ३१२ खाली गुन्हेगार ठरली. आज दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, पण ही कलमे ८८ ते ९४ असा नवा क्रमांक घेऊन तिथेच आहेत.

या कलमांच्या जाळ्यात पहिल्यांदा कोण अडकले? ब्राह्मणी धर्माने जिचे केस कापले, जिला पुन्हा लग्न करायची बंदी घातली, ती विधवा. घरातल्याच पुरुषाने तिच्यावर हात टाकायचा, दिवस गेले की त्याने नामानिराळे राहायचे आणि अर्भक विहिरीत सापडले की बाईने काळ्या पाण्यावर जायचे. पुण्यातल्या अशाच एका विधवेला अंदमानची शिक्षा झाली. सरकारच्या दृष्टीने तिथे प्रकरण संपले.

जोतिबा आणि सावित्रीमाईंच्या दृष्टीने ते तिथे सुरू झाले. १८६३ साली त्यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने तिथे गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवून जायचे हे तिनेच ठरवावे. कायद्याने विचारले होते, ‘मूल कोणी मारले?’ जोतिबांनी विचारले, ‘तिला मारायला कोणी भाग पाडले?’ त्याच गृहात जन्मलेले एका ब्राह्मण विधवेचे मूल या दांपत्याने दत्तक घेतले. ते यशवंत. पुढे ते डॉक्टर झाले आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करत राहिले. त्याच कामात सावित्रीमाई गेल्या. ज्या अर्भकाला व्यवस्थेने मरणासाठी सोडले होते, ते मोठे होऊन लोकांचे प्राण वाचवत होते. आमच्या एमबीबीएसवाल्या भावाने आपली परंपरा इथून मोजावी.

२) प्रयोगशाळेतून बाजारात

आता शंभर वर्षे पुढे येऊ. १९७० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीच्या एम्समध्ये गर्भजल परीक्षणाचे संशोधन सुरू झाले. गर्भवतीच्या पोटातील पाणी सुईने काढून गर्भात काही जनुकीय दोष आहे का, ते पाहायचे. उद्देश चांगला होता. पण त्याच तपासणीत मुलगा की मुलगी हेही कळत होते, आणि मुलगी आहे हे कळल्यावर बहुतेक जोडपी गर्भपात मागू लागली. धक्कादायक गोष्ट पुढे आहे. १९७५ साली वैद्यकीय नियतकालिकात लिहिताना त्या संशोधकांनी याला गैरवापर म्हटले नाही. मुलाच्या आशेने होणारी बाळंतपणे यामुळे टळतील आणि लोकसंख्या आटोक्यात येईल, असा सूर त्यांनी लावला. संशोधनाची भाषा शास्त्रीय होती, तिच्या आत बसलेला विचार मात्र मनूचा होता.

महिला संघटनांनी आवाज उठवला. ७० चे दशक संपेपर्यंत सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानासाठी ही तपासणी बंद करण्याचे आदेश निघाले. पण खासगी दवाखान्यांना कोण विचारणार? सरकारी प्रयोगशाळेत बंद झालेला प्रयोग खासगी बाजारात दुकान मांडून बसला. आज थोडे पैसे खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती झळकू लागल्या.

मुंबईत १९८० च्या दशकाच्या मध्यावर लिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला. स्त्रीमुक्ती चळवळीतील कार्यकर्त्या, डॉक्टर, वकील, विज्ञान चळवळीतील लोक त्यात होते. महाराष्ट्र सरकारने डॉ. संजीव कुलकर्णी यांच्याकडून मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी करून घेतली. त्यातले ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजल परीक्षण करत होते. म्हणजे १०० पैकी ८४. आकडा समोर आल्यावर सरकारला हलावे लागले, आणि १९८८ साली गर्भलिंगनिदानावर बंदी आणणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

कायदा झाला, पण कागदावरच राहिला. म्हणून २००० साली सेहत, मासूम या महाराष्ट्रातील संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २००१ मध्ये न्यायालयाने सरकारांना अंमलबजावणीचे आदेश दिले. २००३ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा ठरली. त्यातले ३-अ कलम पाहा. स्त्री, पुरुष, भ्रूण, बीज, ऊती, यांपैकी कशावरही लिंगनिवडीचे तंत्र वापरायला वंध्यत्वतज्ज्ञालासुद्धा मनाई आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत.

आणि एक गोष्ट जोतिबांच्या वाटेवरची आहे. या कायद्याचे २४ वे कलम असे गृहीत धरते की गर्भवतीला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले. उलट सिद्ध होईपर्यंत ती गुन्हेगार नाही. १८६० च्या कायद्याने बाईला पहिली आरोपी केले होते. इथपर्यंत यायला १३४ वर्षे लागली.

३) जळगावचा आकडा आणि १९१६ चा निबंध

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती, हे जनगणना सांगते. जळगाव जिल्ह्यात २००१ मध्ये ८८० होत्या, २०११ मध्ये ८४२ झाल्या. धुळ्यात ९०७ च्या ८९८ झाल्या. महाराष्ट्राची सरासरी २०११ मध्ये ८९४ होती. म्हणजे सोन्याच्या बाजारासाठी नावाजलेले, केळी आणि कापसाने पैसा पाहिलेले जळगाव राज्यातल्या अगदी तळाच्या जिल्ह्यांत जाऊन बसले.

आणि नंदुरबार? १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग असलेला, भिल्ल-पावरा बांधवांचा, कुपोषणासाठी बदनाम केलेला जिल्हा. तिथे २०११ मध्ये ९४४ मुली होत्या. ज्यांना ‘मागास’ म्हटले जाते त्यांनी मुली जगू दिल्या. ज्यांच्या दारात चारचाकी आहे त्यांनी मशीनला विचारून ठरवले. तरी नंदुरबारलाही गाफील राहून चालणार नाही, कारण २००१ मध्ये तिथे ९६१ मुली होत्या.

हे का घडते? ‘अज्ञान’ हे उत्तर खोटे आहे. अज्ञान असते तर शिकलेल्या आणि पैसेवाल्या भागात आकडा चांगला असता. खरे उत्तर बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात शोधावे लागते. वय २५ वर्षे. त्यांचा मुद्दा असा की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. त्यासाठी जातीच्या आत स्त्री-पुरुषांची संख्या सतत जुळवत राहावी लागते. नवरा मेला की बाई ‘जास्तीची’ ठरते, म्हणून सती आणि सक्तीचे वैधव्य. बायको मेली की पुरुष ‘जास्तीचा’ ठरतो, म्हणून त्याला संन्यास किंवा लहान मुलीशी लग्न. जात म्हणजे माणसांची मोजदाद, आणि त्या मोजदादीचा सारा भार बाईच्या देहावर.

सोनोग्राफीने या व्यवस्थेच्या हातात नवे हत्यार दिले. मुलगी म्हणजे हुंडा, मुलगी म्हणजे घराण्याची ‘अब्रू’, मुलगी म्हणजे परजातीत लग्न करील ही धास्ती. मग ती जन्मण्याआधीच जास्तीची ठरवली. परिणाम समोर आहे. खानदेशात आज तिशी उलटलेली लग्नाची मुले घरोघर आहेत. बाबासाहेबांनी सांगितलेला ‘जास्तीचा पुरुष’ आता गावाच्या पारावर बसलेला दिसतो. दलालाला पैसे देऊन लांबून गरिबाघरची मुलगी आणायला चालते, पण शेजारच्या वस्तीतली शिकलेली बौद्ध मुलगी सून म्हणून चालत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, गर्भलिंगनिवड हा नुसता ‘महिलांचा प्रश्न’ नाही, तो जातिअंताचा प्रश्न आहे. आणि आपल्या समाजातही कुठे ‘पहिला मुलगाच हवा’ असे ऐकू येत असेल, तर ते मनूचेच ओझे आहे. २२ प्रतिज्ञा घेऊन ते खांद्यावर ठेवता येणार नाही.

४) मग हा कायदा विज्ञानाच्या आड येतो का?

आता त्या भावाच्या प्रश्नाला सरळ उत्तर.

पहिली गोष्ट, कायद्याने गर्भाची तपासणी बंद केलेली नाही. कलम ४ मध्ये कोणत्या कारणांसाठी ती करता येते याची यादीच आहे : गुणसूत्रांतील दोष, चयापचयाचे जनुकीय आजार, रक्तातील हिमोग्लोबिनचे आजार, जन्मजात व्यंग वगैरे. हिमोग्लोबिनचे आजार म्हणजे त्यात सिकलसेल आला. हा आजार विदर्भातील आपल्या बौद्ध समाजात आणि सातपुड्याच्या आदिवासींमध्ये मोठ्या प्रमाणावर आहे. १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात नागपूरच्या डॉक्टरांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख आला. आपल्या रक्तावर जगाने लेख वाचले, पण वस्तीतल्या गर्भवतीला वेळेत तपासणी मिळते का? ती मिळत नसेल तर दोष या कायद्याचा नाही, सरकारी रुग्णालयात सोय न करणाऱ्यांचा आहे. संशोधन हवे असेल तर आधी ते मागा.

दुसरी गोष्ट, फॉर्मचा रकाना. ‘फॉर्म एफ’ ही कारकुनी चूक मानावी, अशी मागणी घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. मे २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. कारण साधे आहे. खोलीत डॉक्टर, गर्भवती आणि नातेवाईक असतात. बोटाच्या इशाऱ्याने निदान सांगितले जाते. या गुन्ह्याला साक्षीदार नसतो, असतो तो कागद. कागद कोरा ठेवला की गुन्हा पुसला. २०१२ साली बीड जिल्ह्यातील परळीत एक गर्भवती मेली तेव्हा तिथला धंदा उघड झाला, आणि संबंधित डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा व्हायला २०१९ उजाडले. बाई मेल्यावरच कायद्याला जाग यावी का?

तिसरी गोष्ट मात्र आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. हातात नेता येईल अशा सोनोग्राफी मशीनवर २०१२ पासून कडक बंधने आहेत. ते आंतररुग्णांसाठी दवाखान्याच्या आवारात किंवा नोंदणी झालेल्या फिरत्या दवाखान्यातच वापरता येते. शहरातल्या गुन्ह्यासाठी घातलेल्या या बेडीचा त्रास अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या गर्भवतीला होतो, जिथे रस्ताच नाही. यावर उपाय आहे. पाड्यापर्यंत जाणारी नोंदणीकृत फिरती पथके वाढवा, प्रत्येक तपासणीची नोंद ठेवा. पण या अडचणीच्या आडून सगळा कायदाच सैल करा, असे कोणी म्हणत असेल तर तो आदिवासी बाईच्या नावाने शहरातले दुकान वाचवतो आहे.

आणि ‘विज्ञानाला लगाम नको’ म्हणणाऱ्यांनी जर्मनी आठवावा. ‘शुद्ध वंशा’च्या नावाने हिटलरच्या राजवटीत डॉक्टरांनी अपंग बालकांना नोंदवून मारले. त्या आठवणीतून शहाणा झालेला तोच देश १९९१ पासून भ्रूणसंरक्षणाचा फौजदारी कायदा चालवतो. भ्रूणाचा मनमानी वापर तिथे तुरुंगात नेतो. जात म्हणजे वंश सुधारण्याची सोय, असे समर्थन आपल्याकडेही होत असे. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्याचा फडशा पाडला. कोणता जीव जगायच्या लायकीचा, हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्याही हाती नसावा, हा आपला जुना वाद आहे.

पण एक सावधगिरी. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द आम्ही टाळतो. त्याने प्रत्येक गर्भपात खून वाटू लागतो. गर्भपाताचा कायदेशीर मार्ग १९७१ पासून आहे आणि गरीब बाईला तो मिळालाच पाहिजे. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, त्यामागे बाबासाहेबच होते. मूल हवे की नको हे बाईने ठरवावे. मुलगी नको हे जातीने आणि बाजाराने ठरवू नये. हा फरक विसरलो तर आपण पुन्हा १८६० च्या कलमात जाऊन पडू.

५) काचेच्या पेटीतले बाळ

आता त्या ताईचा प्रश्न. इथे कायद्याचा आवाज एकदम हळू होतो.

२००८ मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आले की जानेवारी २००६ पासूनच्या अडीच वर्षांत एम्समध्ये ४,१४२ बालकांवर ४२ चाचण्या झाल्या. त्यातली २,७२८ बाळे एक वर्षाच्या आतली होती. ४९ बालके दगावली. मृत्यू आजारामुळे झाले, औषधामुळे नव्हेत, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. ते मान्य केले तरी प्रश्न उरतो : सरकारी रुग्णालयात रांगेत उभ्या राहणाऱ्या त्या आईबापांना कोणत्या भाषेत काय सांगितले होते?

धुळ्याहून आग्रा रस्ता धरला की सातपुडा ओलांडून इंदूर येते. खानदेशातले कितीतरी रुग्ण उपचाराला तिकडे जातात. त्याच इंदूरमध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी तीन हजारांहून अधिक रुग्णांवर औषधकंपन्यांच्या चाचण्या केल्याचे २०१०-११ च्या सुमारास उघड झाले. त्यात मुलांची संख्या मोठी होती. डॉ. आनंद राय यांनी ते चव्हाट्यावर आणले. स्वास्थ्य अधिकार मंच सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने संमती घेतानाचे चित्रीकरण करण्याचा आदेश दिला. २०१९ साली नवे नियम आले. चाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई, दुबळ्या गटातील व्यक्तींसाठी संमतीचे चित्रीकरण, एथिक्स कमिटीत निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे, हे सगळे त्यात आहे.

पण नियम मोडला तर? नियमांत लिहिलेली कारवाई म्हणजे ताकीद, परवानगी स्थगित किंवा रद्द, डॉक्टरला पुढच्या चाचण्यांपासून दूर ठेवणे. गर्भाचे लिंग सांगितले तर तुरुंग, आणि जिवंत बाळावर आईला न कळवता औषध तपासले तर ताकीदपत्र! गर्भाच्या प्रश्नावर चळवळ उभी राहिली म्हणून तिथे दात असलेला कायदा झाला. नवजात बाळाच्या मागे, तेही वस्तीतल्या आणि पाड्यावरच्या, कोण उभे राहिले?

याचा अर्थ बाळांवर संशोधनच नको असा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये निष्कर्ष आले : नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. तुलनेच्या गावांतल्या बाळांचे काय, हा प्रश्न तिथेही विचारायलाच हवा. पण त्या संशोधनाचा फायदा ज्यांच्यावर ते झाले त्यांच्याच दारात परत आला. आमची कसोटी एवढीच आहे. गरिबाच्या बाळावर शिकायचे आणि श्रीमंताच्या बाळाला औषध विकायचे, हे विज्ञान नव्हे, ती वेठबिगारी आहे.

६) आपण काय करायचे?

बाबासाहेब १९३७ साली एका खटल्यासाठी धुळ्याला आले होते. वकिलाच्या झग्यात आलेल्या त्या माणसाने आपल्याला शिकवले की कायदा वाचल्याशिवाय लढता येत नाही. म्हणून मित्रहो, तीन कामे सांगतो.

एक : गर्भलिंगनिदान कायद्याच्या सल्लागार समितीत तीन समाजसेवक असावे लागतात, त्यात किमान एक महिला संघटनेची प्रतिनिधी. जळगाव आणि धुळ्याच्या समित्यांत ते कोण आहेत, बैठका कधी झाल्या, हे माहितीच्या अधिकारात मागा. आपले लोक तिथे गेले पाहिजेत.

दोन : या कायद्याखाली कोणीही नागरिक स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो. संबंधित प्राधिकाऱ्याला १५ दिवसांची नोटीस द्यायची, त्याने हालचाल केली नाही तर थेट जायचे. हे २८ वे कलम प्रत्येक विहाराच्या फळ्यावर लिहा.

तीन : दवाखान्यात कागदावर सही किंवा अंगठा मागितला की तीन प्रश्न विचारायला आपल्या आयाबहिणींना शिकवा. हा कागद उपचाराचा की प्रयोगाचा? नाही म्हटले तर उपचार थांबणार का? याची प्रत मला कधी मिळणार?

आमच्या भावाने पुढच्या अभ्यासवर्गात सिकलसेलवर बोलायचे कबूल केले आहे. आणि त्या ताईसोबत आम्ही तिच्या बाळाच्या केसपेपरची प्रत मागणारा अर्ज दिला आहे. अर्जावर तिने अंगठा लावला नाही. महिनाभर गिरवून शिकलेली सही केली. खाली मराठीत एकच ओळ आहे : माझ्या बाळाला काय दिले होते, ते मला सांगा.

जय भीम!